हंबीर नीट बसत नव्हता

हंबीर बसायला गेला आणि अर्ध्यातूनच उठला. शेळ्यांच्या कुंपणापाशी आमच्या या राखणीच्या कुत्र्याची रोजची जागा होती. त्यानं ती हुंगली, स्वतःभोवती दोन फेऱ्या घातल्या, मागचे पाय दुमडले आणि मधेच थांबून पुन्हा उभा राहिला. चौथ्या वेळी तो कसाबसा एका कुशीवर कलंडला, मागचा पाय जरा वर धरून.

"काटा मोडला असंल," माझे वडील, आबा म्हणाले.

काटा नव्हता. मी जवळ जाऊन पाय बघितला नव्हता, तरी मला ठाऊक होतं. कारण गेले बारा दिवस मीही तसाच बसत होतो.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. उजव्या बाजूची गोटी सुजून मोठ्या लिंबाएवढी झाली होती. चालताना जांघेत कळ जायची. संध्याकाळ झाली की अंगात बारीक ताप भरायचा, कंबर धरायची, आणि पहाटे अंथरूण घामानं भिजलेलं असायचं. बायको शालन विचारायची, एवढा घाम कसला? मी म्हणायचो, उकडतंय. माघ संपत आला होता, पहाटे अजून गोधडी लागत होती. त्या दिवसांत मी अंधारातच आंघोळ उरकायचो, सायकलवर बसणं सोडलं होतं, आणि मनातून माझी खात्री झाली होती की आपण मरणार. गावातले एक पोस्टमन असल्याच दुखण्यानं गेले होते. त्यांनीही शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांना मी मूर्ख म्हणायचो. आता मीही तेच करत होतो.

सांगायचं तरी कुणाला? आबांना सांगायची ही जागा नव्हे. शालनला सांगावं तर तिला पाचवा महिना लागला होता. मागच्या साली पाचव्यातच तिचं गेलं होतं. आई म्हणायची, तिन्हीसांजेला पोरगी बांधावर जाऊन बसली, नको ते ओलांडून आली, म्हणून झालं. शालन त्यावर कधी काही बोलली नाही. या खेपेला ती दिवस मावळायच्या आत घरात येऊन बसायची, आणि घरातला प्रत्येकजण मनातल्या मनात दिवस मोजायचा. त्यात मी माझं रडगाणं कुठं गाऊ?

आई तेवढ्यात कवडी शेळीची धार काढून आली. पितळी पेल्यावर फेस उभा होता. शालन चुलीपुढून उठली, पेला दोन्ही हातांत घेतला आणि उभ्यानंच प्यायली. धारेचं गरम दूध, चुलीवर न ठेवलेलं. आईचं ठरलेलं होतं, उकळलं की दुधातला जीव जातो. आणि पोटुशीनं पिल्लाच्या तोंडचं दूध काढून पिऊ नये, त्याचा तळतळाट पोटातल्या जिवाला लागतो. कवडीला पिल्लू नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी ती गाभडली होती, म्हणजे दिवस भरायच्या आधीच तिचं पिल्लू मेलेलं पडलं होतं. म्हणून तिचं दूध निर्दोष. आई ते दुसऱ्या कुणाला थेंबभर देत नसे. मला मात्र तिच्या नकळत पेल्यातलं उरलेलं घोटभर मिळायचं, शालन मुद्दाम ठेवायची.

मी हंबीरजवळ जाऊन बसलो, म्हणजे ओणवा झालो. त्यानं मला बघू दिलं. एका बाजूची गोटी तांबडीलाल, ताणलेली, चाटून चाटून वरची कातडी सोललेली.

"दवाखान्यात न्यायला पायजे," मी म्हणालो.

आबांनी येऊन बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. गावात आबांना दोन गोष्टींसाठी मान होता. एक हा हंबीर, कारवानी जातीचा, ज्याची पिल्लं न्यायला पार विजापूरकडची माणसं यायची. दुसरी, बोकड खच्ची करण्यातला त्यांचा हात. चिमटा घेऊन ते घरोघर जायचे, आणि दोन मिनिटांत बोकडाचा जन्माचा प्रश्न मिटवून चहा पिऊन यायचे. पण हंबीरला खच्ची करायची गोष्ट कुणी थट्टेनं काढली, तरी त्याला दोन दिवस आबांचा रामराम मिळत नसे. शुक्रवारी मंगळवेढ्याचे एकजण आपली कुत्री हंबीरला लावायला घेऊन येणार होते. हे ऐकल्यावर ते माघारी फिरतील, याचीच आबांना धास्ती.

"हळद लावू," आबा म्हणाले. "डॉक्टर काय करनार? कापून टाकनार. त्यापरीस हळद बरी."

मी पहिल्यांदाच त्यांचं ऐकलं नाही. हंबीरवरच्या मायेनं मी हट्ट धरला असं आबांना वाटलं. खरं कारण सांगायला आजही लाज वाटते. हंबीरला काय झालंय ते डॉक्टर सांगतील, आणि मला काय झालंय ते मला फुकटात कळेल, एवढाच माझा डाव होता.

वडापच्या, म्हणजे सीटवर भाडं घेणाऱ्या जीपमध्ये मागं पोत्यांवर हंबीरला घेतलं. ड्रायव्हर मारुती नाईक ओळखीचा. त्यानं हंबीरकडं बघून विचारलं, नवरदेव कुठं निघाला आज? सगळी जीप हसली. मीही हसलो, आणि पुढच्या खड्ड्यात जीप आदळली तसं हंबीर आणि मी दोघंही एकदमच कण्हलो. त्याचं सगळ्यांनी ऐकलं. माझं कुणी ऐकलं नाही.

जनावरांच्या दवाखान्यात म्हातारे डॉक्टर असतील असं मी धरून चाललो होतो. त्यांची बदली झाली होती. खुर्चीत पस्तिशीच्या एक बाई बसल्या होत्या, डॉक्टर मगदूम. माझं निम्मं अवसान तिथंच गळालं.

बाईंनी हंबीरला टेबलावर घेतलं, तोंडाला पट्टी बांधली आणि दोन बोटांनी हलकेच चाचपलं. एवढा रुबाबाचा कुत्रा, पण त्यानं माझ्या दंडात डोकं खुपसलं. त्या स्वतःशी बोलल्यासारख्या मला सांगत होत्या. खच्ची न केलेल्या कुत्र्यांना इथं बऱ्याच गोष्टी होतात. म्हातारपणी गाठ होते.

मी चटकन विचारलं, "गाठ म्हंजी... तसली?"

"तसलीच. पण ती सावकाश वाढते, बहुतेक वेळा दुखत नाही. हा पाचच वर्षांचा दिसतोय आणि हात लावू देत नाही. ती नसावी." त्या पुन्हा वाकल्या. एखाद्याची गोटी लहानपणी खाली उतरतच नाही, पोटात राहते, तिला पीळ पडला तर कुत्रा तासाभरात लोळायला लागतो. याच्या दोन्ही जागेवर आहेत. मार लागलाय का? कुणी चावलंय का? मी नाही म्हणालो. मग ही आतली लागण आहे, त्या म्हणाल्या, कुठून तरी जंतू आलाय. घरी आणखी कुठली जनावरं आहेत?

"शेळ्या हायत."

"बऱ्या आहेत?"

"बऱ्या हायत. तीन गाभडल्या तेवढ्या."

त्यांचं लिहिणं थांबलं. "कधी?"

"ह्याच महिन्यात."

"कितव्या महिन्यात गाभडल्या?"

"चौथ्या. तिन्ही चौथ्या."

"पडलेली पिल्लं, जार, कुठं टाकलं?"

मी हंबीरकडं बघितलं. आमच्याकडं गाभडलेल्या शेळीचं पिल्लू, जार म्हणजे वार, काही उघड्यावर टाकत नसत. माळावर लांडगे होते. त्या वासावर लांडगा माग काढत कुंपणापर्यंत येतो, हे आबांनी त्यांच्या आबांकडून ऐकलेलं. पुरलं तरी तो उकरतो. म्हणून ते राखणीच्या कुत्र्याला घालायचं. माग उरत नाही आणि कुत्र्याला ताकद येते. मी हे सगळं सांगितलं, थोडं अभिमानानंच सांगितलं.

बाई उठल्या. कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेल्या आणि कोपरापर्यंत हात धुतले. एकदा धुतले, पुसले, आणि पुन्हा साबण घेऊन धुतले. पाठमोऱ्याच विचारलं, "त्या शेळ्यांचं दूध काय करता?"

मला तेव्हा अजून काही कळलं नव्हतं. पण त्यांचे ते दोनदा धुतलेले हात बघून मी नकळत माझे हात सदऱ्याला पुसले.

"घरातच."

"तापवून?"

"आमी तापवून. घरातल्या पोटुशीला तेवढं धारेचं."

त्या वळल्या. ओल्या हातांनीच खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. ब्रुसेला नावाचा एक जंतू असतो, त्यांनी सांगितलं. शेळीत शिरला की शेळी गाभडते. त्या पडलेल्या पिल्लात, जारेत तो खच्चून भरलेला असतो, आणि पुढं कित्येक महिने दुधातून उतरतो. कुत्र्यानं ते खाल्लं की नराच्या गोट्यांत जाऊन बसतो. आणि कच्चं दूध प्यायलं, उघड्या हातानं शेळीचं बाळंतपण केलं, तर माणसातही येतो. हंबीरच्या रक्ताची तपासणी केल्याशिवाय त्या शिक्का मारणार नव्हत्या, पण त्यांच्या आवाजावरून त्यांची खात्री झालेली दिसत होती.

"पोटुशीला?" मी विचारलं.

"पोटुशीला आला तर गर्भाला धोका असतो." हे वाक्य त्यांनी फार सावकाश उच्चारलं. मग विचारलं, घरात कुणाला संध्याकाळी ताप येतो का? पहाटे घाम? कंबर, सांधे? पुरुषमाणसाला याच्यासारखी सूज?

"न्हाई," मी म्हणालो.

का म्हणालो? मला आजही नीट सांगता येत नाही. समोर बाईमाणूस होतं हे एक कारण. पण नुसतं तेवढं नव्हतं. हो म्हणालो असतो तर ते सगळं खरं झालं असतं, मग तो जंतू आमच्या घरात, आमच्या अंथरुणात आला असता. मी न्हाई म्हणालो आणि तो दाराबाहेर थोपवून धरला असं मला वाटलं.

रक्त घेताना हंबीरला धरायला मी वाकलो आणि माझ्या तोंडून कळ निसटली. बाईंनी सुई भरून घेतली, कापूस दाबला, आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "मघापासून मी तुम्हाला तीनदा बसा म्हणाले. तुम्ही बसला नाहीत."

मी हंबीरच्या तोंडाची पट्टी सोडायला लागलो.

"कुत्र्याला बोलता येत नाही, म्हणून तुम्ही त्याला इथवर आणलंत. तुम्हाला बोलता येतं."

त्यांनी एकसारख्या दोन चिठ्ठ्या लिहिल्या. माणसांच्या मोठ्या दवाखान्यात कुणाकडं जायचं, कोणती तपासणी करायची, सगळं लिहून वरची जागा कोरी सोडली. "नाव तुम्ही घाला. दोन चिठ्ठ्या देते. एकीवर तुमचं, एकीवर बायकोचं." आणि दारापर्यंत येऊन त्यांनी एकच विचारलं, शेळ्यांची संध्याकाळची धार किती वाजता काढता?

"साडेपाचला."

"आज ती पिऊ देऊ नका."

तीन वाजून गेले होते. वडाप भरल्याशिवाय सुटत नाही हा नियम, आणि त्या दिवशी बाजार नव्हता. मारुतीला मी विनवलं. तो म्हणाला, अजून चार सीट येऊ दे की मर्दा, कुत्र्याचं काय मरतंय? चार वाजले, सव्वाचार झाले. मी जीपभोवती फेऱ्या मारत होतो आणि मला दर फेरीला आईचा हात दिसत होता, कवडीच्या कासेखाली पितळी पेला धरलेला. शेवटी मी मारुतीला बाजूला घेऊन म्हणालो, शालनचं काय तरी होईल, चल. त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि पुढं एक शब्द न बोलता गाडी चालू केली.

पण गाडीत पुढच्या गावची माणसं होती, म्हणून त्यानं फाट्यावर सोडलं. तिथून गाव पावणेदोन मैल, कच्ची वाट. हंबीर शंभर पावलं चालला आणि बसला. म्हणजे बसायला गेला आणि उभाच राहिला. मी त्याला खांद्यावर घेतलं, शेळी घेतात तसं, पुढचे दोन आणि मागचे दोन पाय छातीशी धरून. त्याला सोडून पळत गेलो असतो तर लवकर पोचलो असतो. ते सुचलंच नाही, आणि सुचलं असतं तरी कुणास ठाऊक. प्रत्येक पावलाला माझ्या जांघेत सुरी फिरत होती आणि मानेजवळ तो कण्हत होता. मी रडत होतो. दुखण्यानं रडत होतो असं मी बरीच वर्षं लोकांना सांगितलं. खरं तर मला भीती वाटत होती, आणि मी मघाशी न्हाई म्हणालो होतो.

अंगणात पोचलो तेव्हा शालन उंबऱ्यावर बसली होती. पेला रिकामा होता. वरच्या ओठाला फेस लागलेला, तो ती पदरानं पुसत होती.

मी हंबीरला खाली ठेवलं. आबा खाटेवर होते, आई धारेचा तांब्या घेऊन अजून अंगणातच उभी. मी सगळं सांगितलं, घाईघाईत, उलटंसुलटं. जंतू, जार, दूध. सांगताना माझं मलाच ते खोटं वाटत होतं.

आबा हसले. "दुधानं कुत्र्याची गोटी सुजती व्हय? असं कुठं असतंय? त्या बाईला कुत्रा कापायचा हाय, म्हनून सांगती."

आईला हसू आलं नाही. तिला लागलं होतं. तीन पोरं तिनं या दुधावर वाढवली होती, सासू तिला हेच पाजत होती, आणि आज कुणी तरी शिकलेली बाई तिच्या हातचं दूध विषारी म्हणत होती. "माज्या हातचं दूद बाधंल व्हय रं तिला?" एवढंच ती म्हणाली आणि तांब्या घेऊन आत निघाली. उद्या सकाळी तो पेला पुन्हा भरला जाणार, हे मला तिच्या पाठीवरूनच कळलं.

आता माझ्याकडं दुसरं काही उरलं नव्हतं.

"आई, थांब," मी म्हणालो. "मला बी तसंच झालंय. हंबीरसारखं. त्याच जागी. बारा दिस झालं."

आबांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग हंबीरकडं, मग खाटेवरून उठून उगाच खुंटीवरचा टॉवेल काढला आणि परत तिथंच अडकवला. मी भिंतीला टेकून उभा होतो, खाली मान घालून. घरातल्या बायकांपुढं असं बोललेला आमच्या घराण्यातला मी पहिलाच असेन.

"ताप येतोय?" हे शालननं विचारलं.

"रोज. सांजच्याला."

तिनं रिकामा पेला बाजूला ठेवला, अगदी जपून, आवाज न करता. "मला बी येतोय," ती म्हणाली. "आट दिस झालं."

"आन् बोलली न्हाईस?"

"तुमी तरी कुठं बोललासा?"

मग तिनं सांगितलं ते मला नव्हतं सांगितलं, आईला सांगितलं. आईकडं न बघता, पण आईलाच. गेल्या साली बी असाच ताप येत हुता आत्या. त्यानंतर पंधरा दिसानं गेलं. म्हनून औंदा ताप आला तसं मला कळलं, आता ह्ये बी जानार. सांगून काय करू? तुमी म्हनला असता, पुन्यांदा कुठं बांधावर बसलीस?

आईच्या हातातला तांब्या हलला नाही. मला वाटलं तिनं ऐकलंच नाही. मग तिनं विचारलं, फार हळू, माझ्याकडं वळून, "गेल्या साली कुठली शेळी गाभडली हुती?"

उत्तर तिला माहीत होतं. आम्हा सगळ्यांना माहीत होतं. गेल्या साली हरणी गाभडली होती, आणि तिचं दूध तीन महिने शालनच्या पेल्यात होतं.

आई तांब्या घेऊन कुंपणामागच्या उकिरड्याकडं गेली. दूध ओतल्याचा आवाज आला. बराच वेळ ती परत आली नाही, म्हणून आबा बघायला गेले. तेही लवकर आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही मोठ्या दवाखान्यात गेलो. दोन्ही चिठ्ठ्यांवर मी जीपमध्येच नावं घातली, मायाप्पा आणि शालन. तपासणीत दोघांनाही निघालं, हंबीरला तर निघालंच होतं. मला सहा आठवड्यांच्या गोळ्या दिल्या, शालनला गरोदर बाईला चालतील अशा वेगळ्या. तिथल्या डॉक्टरांना शालननं स्वतः विचारलं, गेल्या वर्षीचं यानंच का? ते म्हणाले, आता खात्रीनं सांगता यायचं नाही, पण असू शकतं. परतताना जीपमध्ये तिनं माझा हात धरला, लोकांदेखत, आणि गाव येईपर्यंत सोडला नाही.

मगदूमबाई गावात आल्या. सगळ्या शेळ्यांचं रक्त घेतलं. लागण निघालेल्या अकरा शेळ्या काढून टाकाव्या लागल्या, कवडी आणि हरणी त्यात होत्या. जार खोल पुरून वर चुना टाकायला बाईंनी आबांना शिकवलं. लांडग्याचं काय, असं आबांनी विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, वर काटेरी फांद्यांची फेसाटी आणि दगड रचा. आबांनी रचले.

मंगळवेढ्याच्या माणसाला आबांनी स्वतः निरोप पाठवला, येऊ नका, कुत्र्याला वाईट दुखणं आहे. मग त्याआधी ज्यांच्या कुत्र्या आल्या होत्या, त्यांच्याकडंही सांगून आले. दोन ठिकाणी शिव्या खाल्ल्या. हंबीरचं ऑपरेशन झालं तेव्हा त्याचं डोकं आबांनी मांडीवर घेतलं होतं. आख्ख्या गावाचे बोकड खच्ची केलेला माणूस, पण बाईंनी ब्लेड उचललं तसे त्यांनी डोळे गच्च मिटले. हंबीर नंतर सहा वर्षं जगला. राखणीत त्याच्या तसूभर फरक पडला नाही. आबा हे ज्याला त्याला सांगायचे, जणू त्यांनीच शोध लावला होता.

पण ते सगळं नंतर. ते चार महिने काही संपत नव्हते. पाचवा सरला, सहावा लागला. रात्री कधीही जाग आली की मी शालनला विचारायचो, हलतंय? ती म्हणायची, हलतंय. कधी तिला उत्तर द्यायला उशीर व्हायचा, तेवढ्यात माझा जीव जायचा. ताप उतरला तरी भीती उतरली नाही. सातव्यात एकदा पोटात दुखलं, तेव्हा आबांनी कुणाला न विचारता मारुतीला उठवून आणलं. ते साधं वाताचं निघालं.

आषाढात मुलगी झाली, दिवस पुरे भरून. तिचं नाव वैजंता. नंतर आम्हाला मूल झालं नाही. मोठ्या डॉक्टरांचं म्हणणं, मी फार दिवस अंगावर काढलं. त्याबद्दल मी कुणाला बोल लावत नाही.

आईनं शालनची माफी कधी मागितली नाही. आमच्याकडं सासू सुनेची माफी मागत नाही, आणि शालननंही वाट बघितली नसावी. बांधाचं नाव मात्र त्या घरात पुन्हा निघालं नाही.

बाळंतीण घरी आली त्या दिवसाची गोष्ट. मगदूमबाईंनी तपासून निर्धोक ठरवलेल्या शेळीचं दूध आईनं चुलीवर ठेवलं. एक उकळी आली, तिनं उतरवलं नाही. दुसरी आली. साय धरली, तळाला लागल्याचा वास सुटला. शालन आतून म्हणाली, आत्या, झालं असंल आता, त्यातलं सगळं गेलं की.

"जाऊ दे," आई म्हणाली. "जीव दुदातला जाऊ दे."

तिसरी उकळी येऊन गेल्यावर तिनं तोच पितळी पेला घेतला, दूध ओतलं, आणि निवेपर्यंत हातात धरून बसली. मग पहिला घोट स्वतः प्यायली. थोडा वेळ थांबली. मग पेला शालनच्या हातात दिला. आई त्यानंतर अकरा वर्षं जगली, आणि आमच्या घरात दूध याच पद्धतीनं प्यायलं गेलं, पहिला घोट तिचा.